पावलांखालचं पाणी

बसा.

जिथं असाल तिथंच. खुर्चीवर, पलंगाच्या कडेला, अंगणातल्या पायरीवर. पायांत काही असेल तर काढून ठेवा.

दोन्ही तळवे जमिनीला टेकू द्या.

आधी टाच जाणवते. मग तळव्याची बाहेरची कड. मग चवडा. मग बोटं. करंगळीपर्यंत सावकाश जा. तिच्याकडे आपलं लक्ष क्वचितच जातं.

एका पावलात 26 हाडं असतात. दिवसभर ती आपला भार वाहतात.

श्वास आत येऊ द्या.

बाहेर जाऊ द्या.

या एका पावलाला धरून आपण आता मुंबईत जातो आहोत. जानेवारीतला तिसरा रविवार आहे. उजाडायला वेळ आहे. शहराची मॅरेथॉन सुटायची आहे.

आपल्याला कुठं वेळेत पोचायचं नाही. पाऊल ऐकायचं आहे, तेवढंच.

*

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभे राहा.

रस्ता मोकळा केलेला आहे. टॅक्सी नाही, बेस्टची बस नाही. वर दगडी घुमट, खाली माणसंच माणसं. हवेत गारवा आहे, मुंबईत असतो तेवढाच. उघड्या दंडांना तो कळतो.

माणसं बोलताहेत, पण हळू. पहाटे घरात कुणी झोपलेलं असताना बोलतात तेवढंच.

एक हात बघा.

तो छातीवरचा बिब सारखा करतो आहे. चार कोपऱ्यांना चार सेफ्टी पिना. खालची डावी पिन निसटली आहे. बोटं बनियनचं कापड चिमटीत धरतात, पिन टोचतात, टोक दुसऱ्या बाजूनं बाहेर काढून अडकवतात. बिबवर आकडा आहे. आकड्याबरोबर नाव आहे.

तोच हात खाली जातो. बुटाची नाडी सोडतो, पुन्हा बांधतो. गाठीवर गाठ.

त्या हाताजवळ थोडं थांबा.

सहा महिने, आठ महिने हा माणूस अंधारात उठलेला असतो. घरचे झोपलेले असताना दार हळूच ओढून घेऊन बाहेर पडलेला असतो. आत्ता तो गाठ बांधतो आहे. त्याचं सगळं लक्ष त्या गाठीत आहे.

समोरची ही इमारत 1888 मध्ये बांधून झाली. 2004 मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. आणि त्याच वर्षी, 15 फेब्रुवारीला, मुंबईची ही मॅरेथॉन पहिल्यांदा धावली. अनिल आणि विवेक सिंग या भावांच्या प्रोकॅमनं ती भरवली. पुढच्याच वर्षी ती जानेवारीत आली आणि जानेवारीचीच झाली. आधी तिच्या नावापुढं स्टँडर्ड चार्टर्ड होतं, 2018 पासून टाटा आहे. नावं येतात, जातात.

याच स्टेशनात 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री गोळ्या चालल्या. फलाटावर घरी जायला बसलेली माणसं गेली.

18 जानेवारी 2009 ला मुंबईत मॅरेथॉन झाली. दोन महिनेही लोटले नव्हते.

इथं काही बोलू नका. एक श्वास त्यांच्यासाठी घ्या.

अजून एक.

आणि आता मॅरेथॉन सुटते.

आधी ओरडा ऐकू येतो, शिट्ट्या, बँड. ते सगळं पुढं जाऊ द्या. त्याच्या खाली दुसरा आवाज आहे. रबराचा, डांबरावरचा. पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसा. आधी सुटा सुटा, मग दाट, मग सलग.

ऐका.

त्यातलं एकच पाऊल निवडा. आपण त्याच्याबरोबर जाऊ.

*

चर्चगेट मागं पडतं. रस्ता उघडतो.

मरीन ड्राइव्ह.

एरवी इथं उभं राहिलं तर समुद्र दिसतो, पण ऐकू येत नाही. गाड्यांचा आवाज त्याच्यावर पसरलेला असतो. आपल्याला त्याची इतकी सवय झालेली आहे की काही हरवलंय असंही वाटत नाही.

आज गाड्या नाहीत.

डावीकडे कान द्या.

कठड्याच्या पलीकडे सिमेंटचे टेट्रापॉड एकमेकांत अडकून पडलेले आहेत. पाणी त्यांच्या फटींतून आत शिरतं. आत कुठंतरी घुमतं. मग परत निघतं, खळखळत. भरती असेल तर जोरानं, ओहोटी असेल तर लांबून.

पाणी आत. पाणी बाहेर.

श्वास आत. श्वास बाहेर.

वारा उजवीकडून, शहराच्या बाजूनं येतो आहे. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात हे होतं. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे, रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे. उजाडेपर्यंत मतलईच. हा वारा गल्ल्यांतून, झोपलेल्या घरांमधून, पावाच्या भट्ट्यांवरून येतो आणि धावणाऱ्याच्या मानेवरून पुढं समुद्रावर निघून जातो.

मानेवर तो जाणवतो का, बघा.

आता पावलाकडे या.

ते ज्या रस्त्यावर पडतं आहे, तिथं शंभर वर्षांपूर्वी पाणी होतं. बॅकबेमध्ये 1920 च्या दशकात भराव टाकला गेला. समुद्राला भिंत घातली, मागं माती भरली. त्या मातीवर तीसच्या आणि चाळीसच्या दशकांत या गोल कोपऱ्यांच्या, लांब सज्जांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्याही आता वारशाच्या यादीत आहेत, 2018 पासून.

कुण्या मजुराच्या डोक्यावरची पाटी इथं रिकामी झाली. मग दुसरी. मग तिसरी. त्यांची नावं कुठल्याही फलकावर नाहीत.

त्या पाटीवर पाऊल पडतं.

पुढच्या पाटीवर पुढचं पाऊल.

या मॅरेथॉनचा इतिहास सांगताना आपण विजेत्यांपासून सुरुवात करतो. मला वाटतं, तो त्याच्या आधीपासून सुरू होतो. पाऊल टेकायला जागा कुणी करून दिली, तिथपासून.

थांबा जरा इथं.

*

बाबुलनाथ येतं. पेडर रोडचा चढ येतो. आत्ता तो जाणवतही नाही. पाय ताजे आहेत, अंधार आहे, आजूबाजूला सोबत आहे. हा चढ परतीच्या वाटेवर पुन्हा भेटणार आहे. तेव्हा आपण त्याच्याजवळ जास्त वेळ राहू.

उतार लागतो.

आणि डावीकडे पुन्हा समुद्र.

हाजी अली. पाण्यात पांढरा दर्गा, दिवे लागलेले. किनाऱ्यापासून तिथपर्यंत जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते, ओहोटीला पुन्हा वर येते. माणसं थांबतात. पाणी उतरलं की चालू लागतात. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

पाऊल आता ज्या रस्त्यावर आहे तो मात्र पाण्याखाली जात नाही.

एकेकाळी इथं रस्ताच नव्हता. मुंबई आणि वरळी या दोन बेटांमध्ये खिंडार होतं आणि भरतीचं पाणी त्यातून आत घुसायचं. मधला सगळा सखल भाग पाण्याखाली जायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात इथं बांध घातला गेला.

बांध टिकेना, अशी आख्यायिका आहे. दिवसा बांधावा, समुद्रानं पाडावा. काम रामजी शिवजी प्रभू यांच्याकडे होतं. त्यांना स्वप्न पडलं. पाण्यात देवी आहेत, त्यांना बाहेर काढ. जाळं टाकलं, तीन मूर्ती वर आल्या. महालक्ष्मी, महाकाली, महासरस्वती. मग बांध उभा राहिला. देऊळ आजही इथंच, टेकाडावर आहे.

डोळे मिटून ते जाळं बघा.

ओढताना जड लागतं. दोर ओला आहे. हाताला खारट पाणी लागलेलं आहे. काय अडकलंय ते कुणाला माहीत नाही. माणसं ओढताहेत.

ओढू द्या त्यांना.

श्वास घ्या. खारा वास येतो का?

आता डोळे उघडा. डांबरी रस्ता. पांढरा पट्टा. त्यावर एक पाऊल, मग दुसरं. डावीकडे दर्गा, मागं देऊळ, मधोमध रात्री दोनला उठून आलेला कुणी अकाउंटंट, कुणी नर्स, कुणी पोलीस, कुणी कॉलेजातली मुलगी. खाली बांध. बांधाखाली समुद्र.

टाच. चवडा. बोटं.

टाच. चवडा. बोटं.

*

वरळी. आणि मग सी लिंक.

इथं आवाज बदलतो. ऐका.

आजूबाजूच्या इमारती संपल्या. पावलांचा आवाज परत यायला भिंतच उरलेली नाही. तो कडेनं निसटतो आणि पाण्यावर जातो. डोक्यावर केबल आहेत, पंख्यासारख्या उघडलेल्या, एका खांबाकडे चढत गेलेल्या. त्यांच्यातून वारा जातो.

मागं अंधारात वरळी कोळीवाडा आहे. होड्या आहेत. एखाद्या होडीत बारीक दिवा आहे.

हा पूल 2009 च्या पावसाळ्यात सुरू झाला. 5.6 किलोमीटर. इथं पायी जायला बंदी आहे. दुचाकीलाही, रिक्षालाही. मोटार असेल तरच जाता येतं, आणि मोटार थांबवता येत नाही. म्हणजे या शहरानं समुद्राच्या मधोमध एक जागा तयार केली आणि तिथं कुणाला उभं राहू दिलं नाही.

2010 च्या जानेवारीत मॅरेथॉन इथून गेली. त्या दिवशी पहिल्यांदा हजारो पावलं या पुलाला लागली.

अर्धी मॅरेथॉन धावणारे माहीमच्या रेती बंदरावरून सुटतात आणि वांद्र्याकडून पुलावर येतात. पूर्ण धावणारे वरळीकडून. एकमेकांना पाहतात. कुणी हात वर करतो.

पुलावर अनेकजण एका क्षणी एक गोष्ट करतात. घड्याळाकडे बघायचं सोडून बाजूला बघतात.

तुम्हीही बघा.

पूर्वेला, इमारतींच्या मागं, आभाळ राखाडी होतं आहे. मग राखाडीत थोडा गुलाबी. पाणी अजून काळं. मग तेही काळं राहत नाही. नेमकं कधी बदललं ते सांगता येत नाही.

काही करू नका. पाहत राहा.

पाहत असताना पाऊल चालूच आहे. त्याला सांगावं लागत नाही.

*

वांद्र्याहून परत फिरताना माहीम कॉजवे लागतो. मोटारीत बसलेला माणूस सिग्नल मोजत तो ओलांडतो. आपण इथं हळू जाऊ.

खाली मिठी नदी समुद्राला मिळते. पूर्वी इथं खाडी होती आणि नावेनंच पलीकडे जायचं. नावा उलटायच्या. माणसं बुडायची. सरकार पूल बांधायला पैसे देईना.

लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दिले. दीड लाखाहून जास्त रुपये, त्या काळचे. येणाऱ्याजाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही, ही अट घातली. 1845 मध्ये रस्ता खुला झाला. माहीमचा एल. जे. रोड त्यांच्याच नावाचा आहे.

त्या बाईंनी खाडीच्या काठावर उभं राहून पलीकडे पाहिलं असेल का? ठाऊक नाही. पण इतक्या वर्षांनी त्यांच्या पैशाच्या मातीवरून माणसं धावताहेत, आणि कुणी टोल मागत नाही.

त्यांच्यासाठी एक पाऊल हलकं टाका.

*

आता थोडा वेळ आकड्यांजवळ बसू. आकड्यांजवळही शांत बसता येतं.

2004. पहिली मॅरेथॉन. दक्षिण आफ्रिकेचा हेंड्रिक रामाला पहिला आला. 2 तास 15 मिनिटं 47 सेकंद. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो न्यूयॉर्कलाही जिंकला.

2023. इथिओपियाचा हायले लेमी. 2 तास 7 मिनिटं 32 सेकंद.

मधे 8 मिनिटं 15 सेकंद आहेत.

ती किती असतात, हे मोजून बघा कधी. भिंतीवरच्या घड्याळासमोर बसा आणि नुसते श्वास मोजा. आठ मिनिटं संपायला किती वेळ लागतो ते कळेल. ती कमी व्हायला जवळजवळ वीस वर्षं लागली, आणि त्यासाठी किती पायांनी किती पहाटे काढल्या असतील.

एक जोडी पाय जवळून पाहू.

2020 चा जानेवारी. इथिओपियाचा देरारा हुरिसा सुरुवातीच्या रेषेवर उभा आहे. त्याच्याजवळ स्वतःचे बूट नाहीत. सोबतच्या अब्राहम गिर्मानं आपले दिले आहेत.

धावणाऱ्याला विचारा, नवा बूट घालून कुणी शर्यत धावतं का. नाही. बूट आधी शे-दोनशे किलोमीटर पायात मुरवायचा असतो. कुठं घासतो, कुठं दाबतो, अंगठ्याजवळ किती जागा उरते, हे पायाला पाठ व्हावं लागतं.

आणि हा दुसऱ्याचा बूट.

आत दुसऱ्याच्या टाचेचा खळगा आहे. दुसऱ्याच्या बोटांनी दाबलेला तळ आहे. त्यात हा पाय शिरतो. नाडी ओढली जाते.

जाणवतं का? थोडं परकं, थोडं ऊबदार.

2 तास 8 मिनिटं 9 सेकंद. त्या दिवशी तो पहिला आला, आणि या मार्गावर तोवर एवढ्या वेगानं कुणी धावलेलं नव्हतं.

मला त्या वेळेपेक्षा ते देणं जास्त आठवतं. शर्यतीच्या आदल्या घटकेला एक धावणारा दुसऱ्या धावणाऱ्याला बूट देतो.

*

त्यानंतर दोन जानेवारी रिकामे गेले.

2021. 2022.

करोना होता. टर्मिनससमोर रेषा आखली गेली नाही. पेडर रोडवर कुणी संत्री सोलली नाहीत. पिना टोचल्या गेल्या नाहीत. ज्यांना धावल्याशिवाय राहवेना ती माणसं गच्चीवर, सोसायटीच्या आवारात, घरातल्या घरात धावली. काहीजण धावलेच नाहीत. काहीजण पुन्हा कधी धावणार नव्हते.

तो रिकामा रस्ता मनात आणा.

मरीन ड्राइव्ह. पहाट. कुणी नाही.

समुद्र आहे. पाणी फटींतून आत येतं, बाहेर जातं.

पाऊल नाही.

इथं आपण थोडं थांबू. भरायला काही शोधू नका. रिकामं असू द्या.

श्वास आत.

श्वास बाहेर.

आणि मग, 15 जानेवारी 2023. लांबून एक बारीक आवाज येतो. रबराचा, डांबरावरचा.

*

एका कोरड्या गावाकडे वळू.

सातारा जिल्हा, माण तालुका, मोही. दुष्काळी भाग. पाणी लांबून आणायचं, पाऊस हुलकावणी द्यायचा, हे तिथल्या पिढ्यांनी सोसलेलं. ललिता बाबर त्या गावची. 2012, 2013 आणि 2014, सलग तीन वर्षं मुंबईत भारतीय महिलांमध्ये ती पहिली आली. पुढं 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली.

जिच्या गावाला पाण्याची ओढ, ती मुलगी समुद्राच्या काठानं धावते आहे. दोन्ही बाजूंना पाणी, आणि घसा कोरडा.

2015 च्या जानेवारीत तिच्या पुढं होती ओ. पी. जैशा, केरळची. 2 तास 37 मिनिटं 29 सेकंद. जवळजवळ वीस वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम त्या दिवशी मुंबईच्या रस्त्यावर मोडला. ललिता दुसरी आली. सुधा सिंग तिसरी, उत्तर प्रदेशातली, रायबरेलीची.

तीन बायका एका रस्त्यानं येताहेत. त्यांचे श्वास ऐका. एकीचा छोटा आणि भराभर, एकीचा खोल, एकीचा मधेच अडखळून पुन्हा लागणारा. बोलायला कुणाकडे हवा शिल्लक नाही.

तिघींची पावलं तीन वेगळ्या मातींत घडलेली. आत्ता एकाच भरावावर पडताहेत.

*

शिवाजी पार्क जातं. प्रभादेवी जाते. कुणी धावता धावताच सिद्धिविनायकाकडे बघून छातीला हात लावतो. वरळी जाते. दर्गा पुन्हा दिसतो, पण आता उन्हात.

वारा पडला आहे. मतलई संपला, खारा अजून सुटायचा आहे. ही मधली वेळ मुंबईत फार वाईट. हवा हलत नाही. घाम वाळत नाही, नुसता उतरतो. कपाळावर मिठाची पांढरी रेघ उमटते.

पस्तिसावा किलोमीटर मागं पडला आहे.

आणि समोर पेडर रोड.

मघाशी जाणवलाही नाही, तो हाच चढ.

आता आपलं ते एक पाऊल बघा. सकाळी ते अलगद पडत होतं. आता सपकन पडतं. टाच ओढली जाते. पोटरीत गोळा येतो, सुटतो, पुन्हा येतो. पाऊल मीटरभराचं धरलं, तर 42,195 पावलांपैकी पस्तीस हजारांहून जास्त झाली आहेत. दर दुसऱ्या पावलाला शरीराचा दुप्पट-तिप्पट भार त्याच 26 हाडांवर आला आहे.

ते थांबतं.

थांबू द्या.

गुडघ्यांवर हात. मान खाली. घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर जमतो, लोंबकळतो, डांबरावर पडतो. तिथं एक काळा ठिपका. लगेच वाळतो.

आजूबाजूनं इतर जाताहेत. पेसरची बस जाते, झेंडा धरलेला माणूस आणि त्याच्यामागं वीस-पंचवीसजण. या बसमधून हा मघाशीच उतरला आहे.

या क्षणी कुठलाही विचार उपयोगाचा नाही. सकाळचा निश्चय, महिन्यांचा सराव, घरी काय सांगायचं, सगळं लांब गेलेलं आहे. फक्त तळवा आहे आणि तळव्याखाली रस्ता.

त्याच्याबरोबर तिथं राहा.

घाई करू नका.

एक हात पुढं येतो.

म्हातारा हात आहे. सुरकुतलेला, बांगड्या असलेला. तळहातावर सोललेल्या संत्र्याच्या दोन फोडी. वर मीठ भुरभुरलेलं.

धावणारा फोड उचलतो. तोंडात टाकतो.

आंबट. थंड. खारट. रस जिभेच्या कडांना लागतो, घशात उतरतो. डोळे आपोआप मिटतात.

तुमच्याही तोंडाला पाणी सुटलं असेल. सुटू द्या.

या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींतली माणसं दर जानेवारीत खाली उतरतात. त्यांच्या वाहनांना आज वाट नाही, झोप मोडलेली आहे. तरी टेबलं लावतात. पाणी, चिक्की, केळी, मिठाच्या पुड्या, दुखऱ्या स्नायूंवर मारायचा स्प्रे. लहान मुलं हात पुढं करून उभी असतात, कुणीतरी टाळी देऊन जावं म्हणून. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं, कुणी पैसे देत नाही. पहिल्या वर्षी इथं उभं राहिलेलं एखादं मूल आता स्वतः बिब लावून याच चढावर असेल.

विजेत्यांची यादी छापलेली मिळते. या संत्र्यांची यादी मिळत नाही. पण वर्षानुवर्षं मॅरेथॉन टिकते ती या हातांमुळे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पाऊल उचललं जातं.

टाच. चवडा. बोटं.

चढ संपतो, उतार लागतो, बाबुलनाथ, मरीन ड्राइव्ह, चर्चगेट, हुतात्मा चौक. टर्मिनसचा घुमट दिसतो. रेषेवर अंथरलेल्या पट्टीवरून पाऊल जातं आणि यंत्र बारीक पीं करतं. तोवर ड्रीम रनची गर्दीही रस्त्यावर उतरलेली असते. फलक, ढोल, आजोबा, व्हीलचेअर, कडेवरची पोरं. सहा किलोमीटरच्या आतलं अंतर, पण आवाज सगळ्यात मोठा त्यांचाच. दुपारी रस्ते गाड्यांना परत दिले जातात.

*

आता तुमच्या पावलांकडे परत या.

तळवे अजून जमिनीवर आहेत. बोटं थोडी हलवा. घोटे एकदा फिरवा, एका बाजूनं, मग दुसऱ्या. रक्त खाली उतरताना जाणवेल.

धावायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मुंबईत असाल, किंवा जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी तिथं असणार असाल, तर एक मात्र करा. सकाळी आठच्या सुमाराला पेडर रोडच्या चढावर जाऊन उभे राहा. पुढं जोरात जाणाऱ्यांना टाळ्या द्या, पण निघून येऊ नका. साडेनऊ, दहापर्यंत थांबा. मागं राहिलेले तेव्हा येतात, आणि तोवर बहुतेक टेबलं रिकामी झालेली असतात. संत्री घरूनच सोलून न्या, बिया काढून. मीठ वेगळ्या डबीत ठेवा, काहींना नको असतं. आणि कुणी गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेलं दिसलं, तर बिबवरचं नाव वाचा आणि त्या नावानं मोठ्यानं हाक मारा.